बोलायच्या आधीची जागा

४ फेब्रुवारी, सकाळी ७.२०
स्टुडिओतून फोन. हेरपटांच्या त्या मालिकेचा सतरावा भाग आपल्या भाषेत डब होणार. परवा खलनायकाच्या आवाजाची चाचणी, या म्हणाले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.
हिरव्या वहीतली आजवरची नोंद : पहारेकरी ३१, ड्रायव्हर ९, शास्त्रज्ञाचा मदतनीस १. सगळे मेले. एकूण मरणं ४१. सर्वांत लांब संवाद, ‘तो तिकडे गेला, पकडा त्याला!’ पाच शब्द.
मी कोणाकडे शिकलो नाही. जे आहे ते स्वतःच्या कानांनी कमावलेलं. बायकोला हे सांगितलं. म्हणाली, माहितीये, दूध उतू जातंय तिकडे बघा.

५ फेब्रुवारी
मेहुणा सहकुटुंब आला. जेवणं झाल्यावर नेहमीचंच. भावजी, एकदा मरून दाखवा ना, मुलं कधीची मागे लागलीत. उंचावरून दाखवा. गेल्या वेळी आगीत झालं.
मेलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या.
निश्चय : हे शेवटचं. खलनायकाला कोणी मरून दाखवा म्हणत नाही.

६ फेब्रुवारी
चाचणी. चार वाक्यं दिली. चौथं उत्तम.
रेकॉर्डिस्टची जुनीच तक्रार. काका, वाक्याच्या आधी तुमच्या नाकात शिट्टी वाजते, दर वेळी कापत बसावं लागतं. तो सेहेचाळीसचा, मी त्रेपन्नचा. काका कुठून? त्याला सांगितलं, तुझा माईक फाजील संवेदनशील आहे. म्हणाला, माईक चारदा बदलला, काका.

९ फेब्रुवारी, दुपारी १२.०५
निवड झाली!
फोन रेकॉर्डिस्टचाच. म्हणाला, डायरेक्टरबाईंना तुमची ती बोलायच्या आधीची जागा फार आवडली. तेवढीच पुन्हा पुन्हा लावून ऐकत होत्या.
शेवटी कोणाला तरी कळलं. बोलायच्या आधीची जागा! मी ती सव्वा सेकंद ठेवतो. बाकीचे संवादावर भुकेल्यासारखे तुटून पडतात.
कोणाला सांगायचं नाही, अशा कागदावर सही केली. बायकोला सांगितलं. बायको मोजायची नाही.

११ फेब्रुवारी
लक्षात राहणारा खलनायक कशानं होतो, याचा पद्धतशीर अभ्यास सुरू. सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, जिन्यात मिळून अकरा जणांना विचारलं : या मालिकेतला कोणता खलनायक आठवतो? नऊ जण म्हणाले, चौथ्या भागातला, माणूस मारायच्या आधी रुमालाची घडी घालतो तो. बोलतो काय, विचारलं. एकालाही सांगता येईना. न्हावी म्हणाला, बोलत होता का तो?
निष्कर्ष : चौथ्या भागाचं डबिंग अत्यंत सुमार.
उरलेल्या दोघांपैकी एकाला मालिकाच माहीत नव्हती. दुसऱ्याला घाई होती.

१४ फेब्रुवारी
डायरेक्टरबाईंना चौदा पानी टिपण पाठवलं. सार असं. नायक धावतो, खलनायकानं धावू नये. त्यानं आवाज चढवू नये. अकराव्या भागातला आरडाओरडा करतो, त्याचं नाव त्याच्या आईलाही आठवणार नाही. खलनायकाचं एक तरी म्हणणं खरं असावं, म्हणजे प्रेक्षक घरी जाऊन अस्वस्थ होतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, पान नऊ : खलनायकानं कमीत कमी बोलावं. जितका कमी बोलेल तितका जास्त उरेल.
बाईंकडून उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं. एवढ्या मोठ्या टिपणाला लगेच उत्तर म्हणजे प्रभाव पडला.

१५ फेब्रुवारी
आजपासून मौन. आवाज साठवायचा. काही लागलं तर चिठ्ठी. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं वाफ. ती तथाकथित शिट्टीही एकदाची निकालात काढतो. खलनायक निर्दोष हवा.

१९ फेब्रुवारी
मौनाचा पाचवा दिवस. बायकोनं विचारलं, बरं वाटत नाहीये का? चिठ्ठीवर लिहिलं, पाच दिवस मौन आहे. ती म्हणाली, अगंबाई. मग म्हणाली, काल बातम्या सांगणाऱ्याचे उच्चार तुम्ही सुधारले नाहीत, तेव्हाच शंका आली होती.
ती हल्ली आंघोळ करताना गुणगुणते. पूर्वी गुणगुणायची की नाही, आठवत नाही.

२५ फेब्रुवारी
कपड्यांच्या कपाटात बसून सराव. कोटांमुळे घुमत नाही, स्टुडिओपेक्षा बरं. आवाज काढायचा नसल्यानं नुसत्या जागांचा सराव. सव्वा सेकंद. दीड. दोन.
बायकोनं दार उघडलं, हँगर घेतला, दार लावलं.
शिट्टी संपूर्ण गेली. वाफेचा गुण.

१ मार्च
पहिल्या खेळाची नऊ तिकिटं काढली. मेहुण्याच्या घरचे सगळे. मेहुण्याच्या हातात चिठ्ठी दिली, ‘यात खलनायक मी. गुप्त.’ त्यानं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. म्हणाला, वा भावजी! पण शेवटी मरता ना? खलनायक म्हणजे मरणारच.
लिहिलं, ‘कळेल.’

५ मार्च, संध्याकाळी ६
रेकॉर्डिंग झालं.
क्रमानं लिहितो. गुपित फुटू नये म्हणून पडद्यावर सगळं चित्र काळं, फक्त तोंडापुरता एक गोल उघडा. गोलात ओठ. ओठ मिटलेले. संहिता दिली, सहा पानं. ‘खलनायक : श्वास.’ खाली पुन्हा, ‘खलनायक : श्वास.’ एकूण त्रेसष्ट.
संवाद कुठे आहेत, विचारलं. अठरा दिवसांनी बोललेलं पहिलं वाक्य. घोगरं, पण भारदस्त आलं.
बाई म्हणाल्या, सर, हा बोलत नाही. याच्या वतीनं याची सेक्रेटरी बोलते, तिचं काल झालं. मूळ फिल्ममध्ये याचा श्वास संगीतात मिसळलाय, वेगळा निघत नाही, म्हणून आपण नवा घेतोय. तुमचं टिपण वाचलं मी, पान नऊपर्यंत. किती बरोबर लिहिलंय.
शेवटीही बोलत नाही? नाही. मरताना किंकाळी? नाही सर, नुसता थांबतो.
मग श्वास दिला. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, काका, शिट्टी? म्हटलं, गेली. म्हणाला, गेली म्हणजे? एकोणीस वर्षं कापली मी ती, आज हवी आहे तर गेली? बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी चाचणीतली तीच जागा निवडली होती.
एसीसमोर उभं केलं. थंड पाणी पाजलं. आली नाही. दुसऱ्याला बोलवावं का, असं बाई हळू आवाजात म्हणाल्या. मला ऐकू आलं. माझे कान चांगले आहेत.
मीच म्हणालो, सामानाच्या खोलीत जुना धुळकट गालिचा आहे, तो झटकतो.
वीस मिनिटं झटकला. शिट्टी आली. त्रेसष्ट श्वास, एकही रिटेक नाही. रेकॉर्डिस्ट म्हणाला, काका, आज जिवंत वाटलात.

६ मार्च
विचार केला. शब्द कोणीही बोलतं. श्वास मूळ.
तिकिटं परत होत नाहीत, असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं. सहज विचारलं होतं.

७ मार्च
घरी बोलायला लागलो. बायको म्हणाली, झालं का? म्हटलं, झालं. तिनं रेडिओ बंद केला.

२२ मार्च, संध्याकाळी ७.१५
पहिला खेळ. रांग एफ, आसनं ४ ते १२. मी ४, बायको ५.
खलनायक पहिल्यांदा आला तेव्हा पाठमोरा होता. अंधार, खुर्ची, आणि शिट्टीचा श्वास. थिएटर गप्प झालं. खरोखर गप्प. मागे कोणाचा तरी पॉपकॉर्नचा हात थांबला. बायकोनं मला कोपर मारलं. म्हणाली, अहो, हे तुम्ही! सव्वीस वर्षं उशाशी ऐकतेय, ओळखणार नाही का?

मध्यंतरात मेहुण्यानं विचारलं, भावजी, तुमची एंट्री कधी? बायको म्हणाली, अरे, झाली की, तो श्वास त्यांचा. मेहुणा म्हणाला, ताई, श्वास त्या नटाचा असतो. तिनं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, बरं बरं. इतक्या प्रेमानं म्हणाला, त्यापेक्षा हसला असता तर चाललं असतं.
शेवटी खलनायक थांबला. शेवटच्या नामावलीत माझं नाव ‘अतिरिक्त आवाज’मध्ये, सातवं. तोपर्यंत दिवे लागले होते आणि मेहुणा मुलाचा बूट शोधत होता.
जिन्यात दोन अनोळखी माणसं एकमेकांना नाकानं शिट्टी वाजवून दाखवत होती. एकालाही धड जमत नव्हती. त्यांना थांबवून सांगावं म्हणून दोन पायऱ्या वर गेलो. मग खाली आलो.
हिरवी वही : मरण ४२, आवाज नाही. मोजायचं की नाही, ठरलेलं नाही.

२६ मार्च
रेकॉर्डिस्टचा फोन. पुढच्या आठवड्यात दुसरं काम आहे. पहारेकरी. म्हणाला, काका, शिट्टी नको हं यात. हो म्हटलं.

२ एप्रिल
मेहुणा सहकुटुंब. मुलांनीच विषय काढला, आत्या म्हणते तो श्वास काकांचा होता. मेहुणा म्हणाला, मग भावजी, एकदा घेऊन दाखवा की!
मुलं सरसावून बसली. बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. मी दोन सेकंदांची जागा ठेवली आणि श्वास घेतला.
नुसती हवा आली.
पुन्हा घेतला. हवाच. वाफ बंद करायची राहून गेली होती. रोज दोनदा, सवयीनं.
धाकटी म्हणाली, असा नव्हता तो. मेहुणा म्हणाला, असू दे गं, सिनेमातलं वेगळं असतं. बायको म्हणाली, तुम्ही कोणी राहायला या, मग कळेल. कोणी ऐकलं नाही.
मग मेहुणा म्हणाला, भावजी, ते राहू दे, तुम्ही आपलं नेहमीचं दाखवा. उंचावरून.
दाखवलं. टाळ्या पडल्या.
किंकाळी अंदाजे चार मजले. शेवटची आपटी स्वच्छ.