रतिबाचे दूध आणि घराचे मत

मी, धोंडू लवू मेस्त्री, धंदा सुतारकी, राहणार लालबाग, मुंबई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भिडेस न पडता माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मन कुठे आहे ते ठाऊक नाही, पण कायद्याला त्याची गरज नसावी.

वाकस, करवती, पटाशा आणि सागवानी रंधा धाकटा भाऊ लहू याने न्यावा. रंधा कोणाला उसना देऊ नये. पोस्टातील शिल्लक माझी विधवा मुलगी लक्ष्मी हिची.

म्युनिसिपालिटीचे मेंबर हरेश्वर पाटकर तिरडीला खांदा द्यायला आले तर देऊ द्यावा. आम्ही मालवणाहून एकाच गलबतातून आलो. आमच्या मागच्या तबेल्याचे घाण पाणी विहिरीत झिरपते. निवडून आलो की तबेला माहीमपलीकडे हलवतो, असे तो म्हणाला होता. मग तबेलेवाल्यांनीच त्याची निवडणूक अंगावर घेतली. मतदारांना न्यायला त्यांच्या गाड्या, आणि प्रत्येक मतदाराच्या दारी फुकट दुधाचा रतीब. ठराविक आकड्याची घरपट्टी भरेल त्यालाच मत; ती मी भरतो, म्हणून मत माझे आणि दूध माझ्याच दारी. भाडेकऱ्यांच्या पोरांना थेंब नाही. माझी बायको शेवंती म्हणाली, "ह्यां दूध आपल्या पोटासाठी नाय, तुमच्या मतासाठी आसा," आणि तिने ते पोरांना वाटून टाकले.

मते पडली, दुसऱ्या दिवशी रतीब बंद. सभेत तबेल्याचा प्रश्न निघाला तेव्हा हरेश्वर पान खायला बाहेर गेला. मी जाब विचारला तर म्हणतो, "धोंडू, तेंच्याच गाडयेत बसान इलंय रे, आता तेंच्या म्हशी कशी हाकलू?"

पुढच्या उन्हाळ्यात त्या विहिरीच्या पाण्याने शेवंतीला पटकी झाली आणि ती गेली. मला रडू आले नाही, अजून आलेले नाही. हरेश्वरावर राग धरायचे रोज ठरवतो आणि विसरतो.

आता निवडणूक पुन्हा जवळ आली आहे. मुलगा दौलत म्हणतो, घर माझ्या एकट्याच्या नावावर करा. तबेलेवाल्यांनी त्याला रतीब आणि नोकरी दोन्ही कबूल केली आहेत. दुसऱ्या उमेदवाराला मत द्यावे तर तो कोळशाच्या वखारवाल्यांच्या गाडीत बसलेला.

म्हणून खालचा मजला दौलतचा, वरचा लक्ष्मीचा, आणि घरपट्टी वेगवेगळी लावून घ्यावी. अशी वाटणी केली की कोणाचीच पट्टी मताच्या आकड्याला पोहोचत नाही, हे वकिलांकडून पक्के करून घेतले आहे. या घराला मत राहणार नाही.

दौलत, तू काल ओरडलास, "बाबा, मत गेलं तर आपल्याला विचारणार कोण?" तुझी आई पटकीने पडली तेव्हा मत घरातच होते. विचारायला कोण आले?

लालबाग, मुंबई, तारीख ११ नोव्हेंबर १८९४
सही: धोंडू लवू मेस्त्री

आमच्यासमोर सही केली:
शरच्चंद्र विनायक वैद्य, वकील, गिरगाव
शिवा रामचंद्र तांडेल, भाडेकरू