फोटोतला उजवा भांग

लेस्टर, १४ मार्च

निरंजनराव,

रागात असले की मी तुम्हाला नावानं हाक मारते, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाकी मी मजेत आहे. आईंचा गुडघा कसा आहे?

व्हिसाचा अर्ज इकडे यायच्या तारखेच्या तीन महिने आधीपासूनच करता येतो. जूनमध्ये यायचं तर आत्ताच करायला हवा. तुम्ही लिहिता, केळी कापून झाली की बघू, निशाही म्हणते घाई नको. निशा तिकडे सिंधीपुऱ्यात लोकांचे फॉर्म भरून देते. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे कधी यावं, हे तिनं कशाला ठरवायचं?

अर्जाला जोडायचा तुमचा फोटो पाहिला. भांग उजवीकडे, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्या बटणासाठी मी सहा वर्षं सांगून थकले. आता कोणी सांगितलं, ते मी विचारत नाही.

फॉर्म काल मीच इथून भरला. तारीख दहा जून. केळी भिकनकाका कापतील. लग्न खरं आहे का, हे त्यात विचारतात; आमचा संसार खरा आहे, असंही लिहून दिलं.

फोटो तेवढा नवीन काढा, भांग नेहमीसारखा डावीकडे पाडून. बटण उघडंच राहू द्या. विमानतळावर मला माझाच माणूस घ्यायला जायचं आहे.

अजून तरी तुमचीच,
योगिता