गर्डरखालची तुळई

प्रिय नंदू,

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. मी फोनवर बोलायला लागले की तुझ्या मामीला नेमकं तिथंच झाडायचं असतं. परवा तुला एवढंच सांगितलं की बाळंतपणाला इकडे येऊ नकोस, सासरीच राहा, आणि फोन ठेवून दिला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि आईच नको म्हणते! तू रडली असशील. पण तसं का म्हणाले ते ऐक.

दिंद्रुडला मामाच्या नव्या घराचा स्लॅब पडला. मधल्या खोलीवर लोखंडी गर्डर आहे. तुझे बाबा गेल्यापासून मी भावाकडे, तेव्हा त्या खोलीत माझी बाज पडणार आणि तू आलीस की तुझीही, हे ठरलेलं होतं. तर मामानं बिभीषण सुताराला बोलावून गर्डरच्या पोटाला लाकूड जोडायला लावलं. एवढ्या भक्कम लोखंडाला लाकूड कशाला? माझ्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्या बंकटरावांच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा अशीच वर आडवी पट्टी मारून खाली फळ्या ठोकल्या होत्या. एका खोलीच्या दोन झाल्या आणि त्यांची म्हातारी आई बायनाबाई ओसरीवर आली.

मी सुताराला विचारलं, तर तो म्हणतो, "लोखंडात खिळा जात न्हाई अक्का, भोकं पाडून बोल्टच आवळावं लागतंय." विचारते काय आणि हा सांगतो काय! तुझ्या मामाला, तानाजीला विचारलं, तर "लागतंय, अक्का" म्हणून बाहेर निघून गेला आणि मामीनं तोंडाला पदर लावला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! त्यात लाकूडही जुनं. सुतार रंधा काढतो तोच मामा ओरडला, "खालच्या अंगाला रंधा लावू नको बे!" म्हणजे आतली वाळवी उघडी पडेल म्हणूनच ना? मला बाहेर काढायचं, तेही वाळवीच्या लाकडानं! त्याच रागात तुला फोन केला.

काल मामा-मामी रानात गेले तेव्हा मी स्टूल लावून वर चढले. वाळवी सापडली की मामाला चार माणसांत विचारणार होते. खालून हात फिरवला, वाळवी नव्हती. बोटांना दोन खाचा लागल्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. अगं नंदू, ती आपल्या जुन्या माळवदाची तुळई होती. ज्या कड्यांनी त्या खाचा पाडल्या, त्यांनाच टांगून आईनं मला जोजवलं, तानाजीला जोजवलं, मग तुलाही. तान्ह्या जिवाला लोखंडाला टांगायचं नाही, लाकूडच पाहिजे, असं आई म्हणायची. तिचं बोलणं तानाजीच्या अजून ध्यानात आहे. आणि मी मात्र, माळवद पाडल्यावर त्यानं तुळई विकून खाल्ली, असं चार घरी सांगून आले होते.

मूल जन्माच्या आधी त्या वस्तूचं नाव आपल्याकडे कुणी काढत नाही, म्हणून दोघांची तोंडं बंद. मीही इथं लिहीत नाही. पण संशयी स्वभाव काही जात नाही. खाली उतरायच्या आधी बोल्ट नीट आवळलेत का बघायला मी त्या तुळईला लोंबकळले. जरासुद्धा हलली नाही.

तेव्हा परवाचं माझं बोलणं विसर आणि सातवा संपायच्या आत ये. बाजा दोन्ही शेजारी टाकते. मला सगळं कळलंय हे मामा-मामीला सांगू नकोस. कड्या अडकवायची वेळ येईल तेव्हा त्यांना आपल्याला दाखवू दे. मी तोवर त्यांच्यावर संशय घेत राहते, नाहीतर त्यांनाच संशय यायचा.

तुझी वाट बघणारी, तुझीच
आई