साहेब 'व्हेरी नाइस' म्हणाला तो शुक्रवार

बाबा, गेल्या रविवारी आई पुन्हा तेच बोलली आणि मी पुन्हा गप्प बसले. मी सिंकपाशी बांगडे साफ करत होते, ती टेबलाशी लसूण सोलत होती, आणि काही विषय नसताना ती म्हणाली, "तुझ्या बाबांना माझ्या हातच्या जेवणाची लाज वाटायची." तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली. एवढ्या वर्षांत तुमच्याबद्दलच्या बाकी सगळ्या तक्रारी तिने हळूहळू सोडून दिल्या. तुमचं घोरणं, सुट्टीत गावी गेल्यावर घरात न थांबणं, तिला न विचारता फ्रीज विकून टाकणं, सगळं. ही एक मात्र तिने धरून ठेवली आहे. मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला की हातातला बांगडा तसाच सिंकमध्ये टाकून मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. तुम्ही एकदा, फक्त एकदा तोंड उघडून तिला दोन वाक्यं सांगितली असती तर काय बिघडलं असतं?

तुम्ही बोलायचात ते सगळं साहेबांच्या जेवणाबद्दल. मी पहिलीत असल्यापासून तुम्ही दुबईत जबल अलीच्या त्या कंपनीत साहेबांच्या डायनिंग रूमचे कुक होतात. पहाटे आपण राहायचो त्या शारजातून कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी त्याच बसने परत. तेव्हा कंपनी इंग्रजांची होती. दहा-बारा साहेब, आणि तुमच्या मते त्यांच्यासाठी रांधणं म्हणजे गाडीत पेट्रोल भरणं. निम्मे टेबलावर यायचेच नाहीत. सँडविच डेस्कवर न्यायचं, दहा मिनिटांत प्लेट परत. जे यायचे ते चव बघण्याआधीच मीठ-मिरपूड शिंपडायचे. तुम्ही मटण रोस्ट करा, वाटाणे उकडा, बुधवारी त्यांच्या आवडीची करी करा आणि सोबत बटाट्याच्या चिप्स द्या, शेवटी उत्तर एकच: "व्हेरी नाइस, थँक यू." एकदा तुमच्या हातून कस्टर्ड करपलं. अख्ख्या टेबलाने व्हेरी नाइस म्हणत ते अर्धं टाकून दिलं. घरी सांगताना तुम्ही हसत होतात, पण तुम्हाला ते लागलं होतं. करपलंय म्हणाले असते तर बरं वाटलं असतं, असं तुम्ही आईला म्हणालात, आणि आईने मान हलवली, कारण तेव्हा तुमचं आणि तिचं जेवणाच्या बाबतीत एकमत होतं.

मी सातवीत गेले त्या वर्षी कंपनी फ्रेंचांनी घेतली. त्यांचा सगळ्यात मोठा साहेब उंच, टक्कल पडलेला, बायकामुलं तिकडे ठेवून एकटा राहणारा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही हमूर तळून पाठवलात तेव्हा तो प्लेट हातात घेऊन थेट किचनमध्ये आला आणि सगळ्या स्टाफसमोर म्हणाला की हा मासा तुम्ही दोनदा मारलात, एकदा जाळ्यात आणि एकदा तव्यावर. मालवणच्या माणसाला, ज्याच्या मागीलदारातून समुद्र दिसतो, तो मासा शिजवायला शिकवत होता. तुम्ही दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः दुबईतल्या देऱ्याच्या मासळी बाजारात गेलात, हमूर आणलात आणि त्याच्या समोर उभं राहून, तो म्हणेल तेव्हा तव्यावरून उतरवलात. त्याने एक घास घेतला, डोळे मिटले, आणि मग लिंबू जास्त झालं म्हणून पुन्हा वाद घातला. त्या संध्याकाळी तुम्ही बसमधून उतरलात ते शीळ घालत.

मग सुरूच झालं. फ्रेंच दीड तास जेवतात. फ्रेंच जेवता जेवता पुढच्या जेवणाबद्दल बोलतात. पाव सकाळचा असेल तर दुपारी हात लावत नाहीत. काकडी कुठली, टोमॅटो कुठला, विचारतात. मांस आतून लाल हवं, नाहीतर प्लेट परत. साहेब रोज किचनमध्ये येऊन भांडतो, म्हणजे त्याला जेवण कळतं, आणि ज्याला जेवण कळतं त्याला माणूस कळतो, असं तुम्ही म्हणायचात. कौतुकाने, ओट्याशी उभं राहून, ताटली हातात घेऊन, पाच मिनिटांत भात संपवता संपवता. आम्ही दोघी खाली बसून तुमची वाट बघायचो. दीड तास सोडा, तुम्ही आमच्याबरोबर पंधरा मिनिटंसुद्धा बसला नाहीत. मला याचाच वैताग येतो, बाबा. एवढं शिकलात, ते सगळं घराच्या बाहेर.

घरात आणलंत ते फक्त खोड काढणं. आईच्या कालवणात चमचा बुडवून तुम्ही सांगायचात, जास्त उकळलं. खोबरं जाडसर राहिलं. कोकम आधी पडलं. जेवण चांगलं झालं त्या दिवशी मात्र गप्प. खोड काढायची फ्रेंचांसारखी आणि मनातलं सांगायचं नाही इंग्रजांसारखं, असं दोन्हीकडचं नको तेवढं उचललंत. एकदा आईने कढई ओट्यावर आपटली आणि म्हणाली, "चौदा वर्षां खातास, आत्ताच कशी चव कळाक लागली?" तुम्ही चमचा खाली ठेवलात. पण तुम्ही तिच्याकडे बघितलंत ते मला आठवतं, कारण त्यात राग नव्हता. तुम्हाला वाटत होतं की तुम्ही तिचा मान वाढवताय, तिच्याशी साहेब तुमच्याशी बोलतो तसं बोलताय. हे मला आत्ता, पंचेचाळिशीला टेकल्यावर कळतं. तिला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही, कारण तिला ते सांगू शकणारे फक्त तुम्हीच होतात.

आणि तुमचं ते सगळं ज्ञानही अर्धंच होतं. दहा-बारा माणसं बघून तुम्ही दोन देश ठरवून टाकलेत. तुम्ही गेल्यावर मी शिकायला एक वर्ष इंग्लंडमध्ये राहिले. माझी घरमालकीण म्हातारी होती, चहा आणि टोस्टवर दिवस काढायची आणि जेवणाबद्दल चकार शब्द बोलायची नाही. मला ताप आला तेव्हा तीन दिवस दाराबाहेर ट्रेमध्ये गरम सूप ठेवून, दार वाजवून निघून जायची. मी बीफ खात नाही हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तिने ते आपणहून हेरून त्यात चिकन घातलं होतं. ती खोलीत येऊन सूप कसं झालंय हे विचारत नव्हती, कारण आजारी माणसाला उत्तर द्यायचा त्रास नको. पुढे ऑफिसच्या कामाने फ्रान्सला गेले. तिथे दोन तास जेवण, तुम्ही सांगायचात तसंच, आणि खरोखर सुंदर. पण माझ्याबरोबरच्या शाकाहारी मुलीला त्यांनी तीन दिवस लेट्युस आणि उकडलेलं अंडं दिलं, आणि ती अंडं का खात नाही यावर दोन तास हसत चर्चा केली. हे सगळं तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही वाद घातला असतात. मला तो वाद हवा होता.

आता तो शुक्रवार. मी नववीत होते. साहेबाने तुम्हाला विचारलं की तुम्ही स्वतः घरी काय खाता, आणि तुम्ही बांगड्याचं तिखलं सांगितलंत. त्यात तिरफळ घालतात म्हटल्यावर तिरफळ म्हणजे काय, हे त्याला काही केल्या कळेना. दुसऱ्या दिवशी तुम्ही चार तिरफळं शर्टाच्या खिशात घालून नेलीत. त्याने एक चावलं, त्याची जीभ बधिर झाली, तो खुर्चीत बसून हसत सुटला आणि म्हणाला की हे खायला मी तुमच्या घरी येणार. घरी! कंपनीतला एकही इंग्रज साहेब इतक्या वर्षांत शारजाला फिरकला नव्हता. तुम्ही दारातूनच आईला ही बातमी सांगितलीत आणि ती पहिल्यांदा तुमच्या साहेबावर खूश झाली. गुरुवारी तिने बांगडे आणले, मीठ-हळद लावून ठेवले, गावाहून आलेल्या मिरच्या भिजत घातल्या, सोलकढीसाठी नारळ खवला. शेजारणीला दोनदा सांगून आली की साहेब तिच्या हातचं जेवायला येतोय.

शुक्रवारी सकाळी तुम्ही नमाजासाठी दुकानं बंद होण्याआधी बाहेर पडलात आणि शारजातल्याच रोल्यातल्या एका हॉटेलातून पांढऱ्या ग्रेव्हीतलं चिकन, फ्राइड राइस आणि नान घेऊन आलात. शेजाऱ्यांकडून काटे-चमचे मागून आणलेत. आईला एवढंच म्हणालात, "आज हेच वाढू." तिने कारण विचारलं. तुम्ही पिशव्या ओट्यावर ठेवत राहिलात. तिने फ्रीज उघडला, बांगड्याच्या भांड्यावर ताटली झाकली आणि फ्रीज बंद केला. मग आत जाऊन साडी बदलून आली, पण साहेब असेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

साहेब फुलं घेऊन आला. सोफ्यावर बसला, इकडे तिकडे बघितलं, आणि अगदी उत्सुकतेने विचारलं की तो जीभ बधिर करणारा मासा कुठे आहे. तुम्ही म्हणालात, "नो गुड फिश इन मार्केट टुडे, सर." देऱ्याच्या बाजारात शुक्रवारी चांगला मासा नाही, हे तुम्ही त्याला सांगत होतात, ज्याच्यासाठी तुम्ही दीड-दोन वर्षं त्याच बाजारातून मासा आणत होतात. त्याने तुमच्याकडे बघितलं. मग त्याने थोडा भात घेतला, थोडं चिकन घेतलं, नानचा तुकडा मोडला. काही विचारलं नाही. मीठ कमी आहे म्हणाला नाही, ग्रेव्ही गोड आहे म्हणाला नाही. अर्धं ताट ठेवून रुमालाने तोंड पुसलं आणि आईकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "व्हेरी नाइस, थँक यू."

तुमचा चेहरा मी तेव्हा बघितला. चाळीस मिनिटांत तो निघून गेला. दुपारी आईने ते बांगडे केले, कारण टाकून देणं तिला जमणारं नव्हतं. आम्ही दोघींनी खाल्ले. तुम्ही पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलात आणि जेवायला उठला नाहीत. त्यानंतर साहेब किचनमध्ये भांडायला यायचा बंद झाला. नमस्कार करायचा, तब्येत विचारायचा, जेवणाचे आभार मानायचा. दीड वर्षाने त्याची बदली झाली, तेव्हा त्याने तुम्हाला एक चांगलं घड्याळ दिलं. ते तुम्ही कधी हातात घातलं नाहीत. पुढे काही वर्षांनी एका सकाळी कंपनीच्या बसमध्येच तुम्ही गेलात आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

हे पत्र तुमच्यासाठी म्हणून लिहायला घेतलं, पण ते कुठे पाठवायचं नाहीच. द्यायचं झालं तर बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसलेल्या त्या म्हातारीला द्यायला हवं, आणि तेही मी करणार नाही, हे मला लिहितानाच कळलंय. त्या गुरुवारी संध्याकाळी आई शेजारी गेली होती आणि तुम्ही कोकम निवडत होतात. मी शाळेच्या युनिफॉर्ममध्येच तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. माझा डबा वर्गात मुली नाक दाबून एकमेकींकडे सरकवायच्या, हे मी तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. आणि म्हणाले, "बाबा, प्लीज, नॉट फिश. आपलं घर घाण वास मारेल. ही विल थिंक वी आर डर्टी."

तुम्ही कोकमाचं ताट बाजूला सरकवलंत. मग म्हणालात, "आईला सांगू नकोस तू असं म्हणालीस. तिला वाईट वाटेल."

मी अजून सांगितलेलं नाही.