अप्पांनी आणलेल्या अळंब्या

रामकिसन,

मी अप्पांकडं दवाखान्यात परत जातेय. चुलीजवळच्या टोपलीत उरलेल्या अळंब्या आहेत, त्या खोल खड्ड्यात पुरून टाक. उकिरड्यावर टाकू नको, शेळ्या खातील.

अप्पांनी पडेगावच्या माळावरून आणल्या त्या विषारी निघाल्या. एकीच्या देठाला बुडाची पांढरी पिशवी तशीच चिकटलेली होती. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू पाहिले. आयोडीन टाकताच काळपट निळे पडले, विषारी जातीचे पडतात तसे. माझीच चूक निघू दे म्हणून दुसरा तुकडा घेतला. तोही तसाच.

अप्पांच्या उलट्या थांबल्यात. "आता लई बरं वाटतंय, घरी चला," म्हणतात. या विषानं असंच होतं. मधे माणूस बरा दिसतो अन् आत लिव्हर निकामी होत जातं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सलाईन देत राहू. याच्यावर आपल्याकडं औषध नाही."

आपण दोघं जेवायला घरी नव्हतो, अन् सोमवारचा उपवास होता म्हणून आई वाचली. ती शेजारी वच्छलाबाईंकडं बसलीय, तिला विषाचं अजून काही माहीत नाही. तिला घेऊन ये. वाटेत तूच सांग, माझ्यानं होणार नाही.

अप्पा तुला विहिरीच्या मोटारीचं विचारतील. नीट उत्तर दे. त्यांना वाटतंय, पेरलेल्या कपाशीला स्वतःच पाणी देतील. वाटू दे.

कुंदाक्का