बाभळीचे ओंडके

१४ डिसेंबर, संध्याकाळ

लाकूड डोक्यावर वाहून आणायला बाई चालते, मग तेच फोडायला का चालत नाही? मला उत्तर येत नाही. बी.ए. होऊनही.

उन्हाळ्यातल्या वादळात पडलेली बाभूळ शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, वाळत होती. मालक म्हणाले, फुकट घेऊन जा. मी आणि आईने खेपा करून ओंडके अंगणात आणले. तेव्हा कोणी अडवलं नाही. बाबांची कंबर धरली आहे, म्हणून आई रोज काकांना विनवते, ते रोज उद्यावर ढकलतात. ओंडके तसेच.

आज मी कुऱ्हाड उचलली, तर काका ओट्यावरून ओरडले, “ठेव खाली! रविवारी पाहुणे येऊन राह्यले तुले पाहाले. हाताले फोड दिसले तं त्याईले काय सांगू?”

“सांगा, पोरगी लाकडं फोडते.”

“लय शिकली तू!”

आई डोळ्यांनी मला गप्प करत होती. तिच्या हातांचे फोड कसे कोणाला दिसत नाहीत? आणि ओंडके वाहून माझी मान अवघडली, ती चालते पाहुण्यांना?

आईला म्हटलं, आता काकांना विनवायचं नाही. मग त्यांच्यासमोरच ओंडक्याच्या भेगेत पाचर ठोकली आणि अंधार पडायच्या आत सगळे ओंडके फोडून, रचून टाकले.