एकसष्ट जणींनी हो म्हटलं

११ फेब्रुवारी

पार्तिना आली. केळीच्या पानात बांधलेल्या टेंपेच्या चार पुड्या — घरीच आंबवलेलं सोयाबीन, तेच ती विकते — टेबलावर ठेवल्या. रिकाम्या हाताने दवाखान्यात यायला तिला लाज वाटते. "बू विनार, गोळ्या संपल्या. रक्त काही थांबलं नाही."

चार महिने! तालुक्याचे डॉक्टर चार महिने जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या देताहेत. मी आत घेतलं, तपासलं. शिरका लावून पांढरा डाग उमटतो का ते बघायची वेळच आली नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी फुलकोबीसारखी गाठ, हात लागताच रक्त. वीस वर्षं या गावात सरकारी सुईण आहे, सगळ्यांची बू, म्हणजे आई. कर्करोग ओळखायला मला कागद लागत नाही.

"योग्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात दाखवू," म्हटलं.

"हो बू," म्हणाली. जाताजाता — "टेंपे आजच तळा हं, उद्या कडू होईल."

तळला. ताट तसंच झाकून ठेवलं.

१२ फेब्रुवारी

जुनी वही काढली. काढू नये असं वाटत होतं, तरी काढली. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. पार्तिना, वय छत्तीस, नवरा जुमेरी. गर्भाशयमुखाची तपासणी झाली. निर्दोष.

अक्षर माझं.

ती आलीच नव्हती.

१३ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहावं.

जिल्ह्याचा हुकूम होता — तीस ते पन्नास वयाच्या सगळ्या बायका, पंचवीस नोव्हेंबरच्या आत. गावात एकशे चाळीस. मी दारोदार फिरले. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या थोबाडीत मारणं. त्यामुळे सगळ्या हो म्हणाल्या. "हो बू, येते की." "हो बू, नक्की." म्हाताऱ्या सासवांनी चेष्टा केली — "शिरका लावणार? आमच्या सुनांचं लोणचं घालताय की काय!" केवढं हसलो सगळ्या. मला वाटलं, जिंकलं.

आल्या एकोणऐंशी.

पंचवीस तारखेला डॉक्टर प्रामुदितोंचा फोन. आरोग्य केंद्राचे प्रमुख. "बू विनार, फक्त तुमचं गाव राहिलंय. दुपारपर्यंत शंभर टक्के पाहिजेत." मी म्हटलं, एकसष्ट जणी बाकी आहेत, पण हो म्हणाल्यात. "हो म्हणाल्यात ना? मग भरा की! पुढच्या आठवड्यात तपासून टाका."

भरलं. एकसष्ट वेळा निर्दोष, निर्दोष, निर्दोष. शाई आधी, तपासणी नंतर — एवढाच फरक, असं वाटलं. पुढच्या आठवड्यात कुणी आलं नाही. मग भाताची कापणी आली. मग मी विसरले.

विसरले नव्हते! हे पण खोटंच. पार्तिनाकडून टेंपे घेताना दर वेळी आठवायचं.

२६ फेब्रुवारी

योग्याचा कागद आला. कर्करोगाची तिसरी पायरी. शस्त्रक्रियेची वेळ गेली. आता नुसता किरणांचा शेक.

जुमेरी कागद घेऊन आला, मागे पार्तिना. "बू, तिथले डॉक्टर म्हणाले, तालुक्याच्या डॉक्टरांनी संगणकावर बघितलं, दोन वर्षांपूर्वी निर्दोष, म्हणून त्यांना शंकाच आली नाही. मी म्हटलं, आमच्या बू विनारनी तपासलंय म्हणजे नीटच तपासलेलं असणार. त्यानंतरच कधीतरी झालं असेल, नाही का?"

पार्तिना खाली बघत होती. ती आली नव्हती हे जुमेरीला माहीत नाही. तिला माहीत आहे. मला माहीत आहे.

मी म्हटलं, "हो."

१ मार्च

डॉक्टर प्रामुदितोंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावलं.

"त्या आकड्यांवर आपल्या केंद्राचा पहिला नंबर आलाय. आता खोटं म्हणालात तर तुम्ही एकट्या बुडणार नाही."

"आणि बाकीच्या साठ जणी?"

"बोलवा हळूहळू. गाजावाजा नको. संगणकात त्यांची पुढची तारीख आणखी वर्षाने आहे, तोवर सामान मिळणार नाही. तुमच्याकडचं वापरा."

सामान काय, हातमोज्यांची दीड पेटी आणि स्वयंपाकघरातला शिरका! बरं, वाईट माणूस नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला घरी आले होते. तेच वाईट वाटतं. शिव्या कुणाला द्यायच्या?

१८ मार्च

रमजान, उपासाचा महिना. दारोदार फिरले. साठच्या साठ जणी हो म्हणाल्या.

१९ मार्च

कुणी आलं नाही.

२५ मार्च

चौघी आल्या. एकीला पांढरा डाग. लहान, पहिल्या पायरीच्याही आधीचा. गोठवून टाकला की काम झालं, पंधरा मिनिटांत बाई घरी. यंत्र आहे, कपाटात प्लॅस्टिकखाली. गॅसची टाकी गेल्या ऑगस्टपासून रिकामी. मी चार पत्रं पाठवलीत. आज उत्तर आलं — आपल्या गावात शंभर टक्के स्त्रिया निर्दोष असल्याने उपचाराची मागणी नोंदलेली नाही, सबब टाकी मंजूर करता येत नाही.

दोनदा वाचलं. त्यांचं चुकलं कुठे? मीच कळवलंय त्यांना.

सगळे म्हणतात सरकारने हे करायला हवं, सरकारने ते करायला हवं. या गावात सरकार म्हणजे कोण? पांढरा गणवेश, स्कूटर आणि मी.

१० एप्रिल. लेबारान.

ईदच्या दिवशी घरोघर जाऊन माफी मागायची. माझ्या दिसलेल्या न दिसलेल्या सगळ्या चुका माफ करा. सगळे सगळ्यांना म्हणतात. आज सांगायचंच, असं ठरवून निघाले.

पार्तिना खाटेवर बसली होती, डोक्याला नवी ओढणी. पायांवर सूज. मी तिचे दोन्ही हात धरले. "पार्तिना, माझी चूक माफ कर. खरंच मोठी चूक आहे."

"माझ्याही माफ करा बू."

"नाही, तसं नाही गं —"

तेवढ्यात मागून शेजारच्या आठ बायका आत आल्या, एकमेकींचे हात धरायला लागल्या. माफ करा, माफ करा, भाताचे वडे घ्या. माझी माफी त्या गर्दीत इतरांसारखीच एक झाली. मी वडे खाऊन घरी आले. भित्री!

६ मे

आज सांगितलं. जुमेरी शेतावर होता, पोरगी किनासी शाळेत. खाटेशी खाली बसून सरळ सांगितलं — तू आली नव्हतीस आणि मी निर्दोष लिहिलं. त्याच्यामुळे तुझे चार महिने गेले. कदाचित दोन वर्षं गेली.

"मला माहीत होतं बू," ती म्हणाली. "योग्याला वाचून दाखवलं तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस? तिथल्या तिथे का नाही म्हणालीस?"

"तुमचं नाव सगळ्यांदेखत कसं घ्यायचं? माझं बाळंतपण केलंत तुम्ही." तिने पायांवरची चादर नीट केली. "आणि मी तरी हो म्हणून आले नव्हते. लाज वाटली होती. घरात बसून राहिले, दार लावून. तुम्ही गेटापाशी हाक मारलीत, मी ओ दिली नाही."

रागावली असती तर बरं झालं असतं. खरंच बरं झालं असतं!

निघताना हात धरला. हातात अजून जोर आहे. "किनासीची लस, बू. पाचवीत पहिली सुई झाली. ऑगस्टमध्ये दुसरी. ही टोचली की तिला हे होत नाही ना?"

"बहुतेक नाही होत."

"मग तुमच्या डोळ्यांदेखत टोचून घ्या. वहीत बघू नका. दंड बघा."

वचन दिलं.

७ मे

जिल्ह्याला पत्र टाकलं. एकसष्ट नावं, तारखा, खाली माझी सही. डॉक्टर प्रामुदितोंना न विचारता. नोकरी जायची तर जावो.

३० मे

उत्तर नाही.

१४ जून

पार्तिना गेली. सकाळी सात वाजता. खोलीत आंबलेल्या सोयाबीनचा वास होता. शेवटपर्यंत सासूला सांगत होती, पुड्या घट्ट बांधा, हवा राहू देऊ नका.

जुमेरी माझ्यापुढे कमरेत वाकला. "तुम्ही फार केलंत बू. आभार."

मी त्याला काही सांगितलं नाही. काय तोंडाने सांगू? किनासी दाराशी आईच्या चपला हातात धरून उभी होती, कुठे ठेवू विचारत.

१५ जुलै

संगणकाने यादी पाठवली — पुढच्या वर्षी तपासणीला बोलवायच्या स्त्रिया. चौदावं नाव पार्तिना.

१७ ऑगस्ट

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. झेंडा, गाणी, पोरांच्या शर्यती. दोरीला टांगलेले पापड हात न लावता खायचे, तर किनासी टाचा उंचावून तोंड उघडून उड्या मारत होती. आई गेल्यापासून आज पहिल्यांदा हसताना दिसली. हरली. रडली नाही.

मग जिल्ह्याचे साहेब उठले. आपल्या केंद्राला सलग दुसऱ्या वर्षी पहिला क्रमांक. ढाल. "बू विनार यांच्या गावाने शंभर टक्के तपासणी केली." माझं नाव घेतलं! म्हणजे पत्र तिथे पोचलेलं नाही, किंवा पोचलंय. दोन्हींत जास्त वाईट कुठलं, कळत नाही.

टाळ्या वाजल्या. मी स्टेजवर गेले. जुमेरीही टाळ्या वाजवत होता.

घरी येऊन ढाल मोरीत ठेवली.

२१ ऑगस्ट

शाळेत लसीची पेटी यायची होती. आली नाही. जिल्ह्यात साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात येईल म्हणे. किनासीला म्हटलं, मी असल्याशिवाय दंड पुढे करायचा नाही. "हो बू," म्हणाली. तिच्या 'हो'ची मला भीती वाटते.

२६ ऑगस्ट

पेटी नाही.

२८ ऑगस्ट

शाळेची यादी आली, संगणकात चढवायला. सहावीच्या मुली बावीस. दुसरी सुई — बावीसच्या बावीस खुणा, गुरुजींची सही. पेटी अजून जिल्ह्यातच आहे. सकाळीच फोन केला होता.

स्कूटर काढून सरळ शाळेत गेले. किनासीला वर्गाबाहेर बोलावलं, दोन्ही बाह्या वर केल्या. दंड स्वच्छ.

"बू, गुरुजींनी विचारलं, लस आली की कोण कोण घेणार? आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं."